‘कलरचा प्रिंटर गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर. प्रदर्शन तोंडावर असताना प्रिंट मनासारख्या आल्या नाहीत, तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय, की ब्लॅक अँड व्हाइटसाठी प्रिंटर मागितला तर कलर फोटोचा गळ्यात मारला, प्रिंट हिरवट येतात आणि विकल्यावर फोनही उचलत नाहीत, त्यातलं ते ‘गळ्यात मारला’ फार लागलं. वडिलांपासून राजारामपुरीत दुकान आहे आमचं, लोक रिव्ह्यू वाचूनच येतात आता, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही वारीचे फोटो दाखवलेत, शाहू स्मारकला लावायचेत म्हणालात. फोटो खरंच सुंदर आहेत, इरलं घेतलेल्या आजींचा तर फारच. म्हणूनच मी सगळ्यात आधी कॅननचा प्रो-३०० दाखवला, त्यात ग्रे शाई आहे, चकचकीत पेपरला वेगळी काळी आणि मॅटला वेगळी काळी. मग एप्सनचा एल८१८० दाखवला, टँकवाला, म्हणजे कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई भरायचा, त्यातही ग्रेची स्वतंत्र टाकी आहे. किमती ऐकून तुम्ही बजेट नाही म्हणालात, कार्ट्रिजचा खर्च ऐकून तर प्रो-३०० चा विषयच संपवलात, आणि शेजारच्या सहा रंगांच्या टँकवाल्याकडे बोट दाखवलंत ते तुम्हीच. तेव्हा मी सांगितलं होतं की सर यात काळी शाई एकच, बाकी सायन, मजेंटा, पिवळा आणि सायन-मजेंटाच्या फिक्या दोन, म्हणजे राखाडी छटा हा प्रिंटर बाकीचे रंग मिसळून बनवणार, आणि असा राखाडी उन्हात वेगळा दिसतो, एलईडीखाली वेगळा. तुमच्याच पेनड्राइव्हमधल्या फोटोची प्रिंट काढून दुकानाबाहेर उजेडात धरली होती की आपण. तुम्ही ‘चालतंय’ म्हणालात आणि मग बिल झालं. याला गळ्यात मारणं म्हणायचं का सर?

आता हिरवटपणाचं. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पेपर टाइप ‘प्लेन पेपर’ दिसतोय आणि प्रिंट काढलीय फोटो पेपरवर, तोही ऑनलाइन मागवलेला, आमच्याकडचा नाही. कुठूनही घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण शाई किती सोडायची आणि रंग कसे मिसळायचे हे प्रिंटर त्या सेटिंगवरूनच ठरवतो. ते चुकलं की काळ्याची खोली जाते आणि राखाडीत भलताच रंग डोकावतो. ग्रेस्केलवर, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या पर्यायावर टिक केलं म्हणजे नुसती काळीच शाई लागते असंही नाही, आणि समजा नुसत्या काळ्यानेच काढली असती तर आभाळात, चेहऱ्यावर बारीक ठिपके दिसले असते, ते तुम्हालाच आवडलं नसतं.

फोनचं म्हणाल तर दुकान रात्री ९ ला बंद होतं आणि तुमचे कॉल साडेदहानंतरचे आहेत. सकाळी मी स्वतः उलट फोन केला तो कट झाला, म्हणून पेपर सेटिंग बदलून बघा असा मेसेजही टाकला, तो वाचलेला दिसतोय पण उत्तर नाही आलं, त्याऐवजी दुपारी हा रिव्ह्यू दिसला. ते बघून जेवण गेलं नाही हो मला.

यापुढे ब्लॅक अँड व्हाइटसाठी घेणाऱ्यांना या गोष्टी लिहूनच द्यायचं ठरवलंय, डेमोचंही जरा नीट करतोय. तुम्ही पेपर आणि फाइल्स घेऊन या, सोमवार सोडून कधीही, त्या पेपरसाठी सेटिंग बसवून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. आणि प्रदर्शनातल्या मोठ्या प्रिंट एल८१८० वर काढायच्या असतील तर दुकानातला डेमो पीस आहे, ए३ प्लसपर्यंत, म्हणजे ए३ पेक्षा जरा मोठ्या कागदापर्यंत जातो, शाईचा खर्च काय तो बघू. फक्त येताना आदल्या दिवशी एक फोन करा, दुकान उघडं असताना.