मूळव्याध, 'उष्णता' आणि तो फिरता मेसेज

मूळव्याधीवरचा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. थोडक्यात तो असा : मूळव्याध म्हणजे पोटात वाढलेली उष्णता. तिखट, अंडी, मटण, वांगं खाणाऱ्यांना ती होते. पूर्वजांना ती नव्हती, कारण ते उकिडवे बसत. कमोड आला आणि मूळव्याध आली. गरोदरपणात झाली तर काही करू नका, बाळंतपणानंतर आपोआप जाते. शौचाला रक्त पडलं तर घाबरू नका, उष्णता बाहेर पडते आहे. उपाय : अनशापोटी कपभर गार दुधात अर्धं लिंबू पिळून लगेच प्यायचं, सात दिवसांत मुळासकट नाहीशी. खाली शिक्का, 'आयुर्वेदात सांगितलं आहे'.

तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. हा मेसेज वाचून, त्याप्रमाणे वागून, मग मलमाची ट्यूब मागायला माणसं येतात. म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर देते आहे.

'मूळव्याध म्हणजे वाढलेली उष्णता'

गुदमार्गाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि मऊ ऊती यांच्या तीन गाद्या असतात. तुम्हाला, मला, तान्ह्या बाळालाही. नळातल्या वॉशरसारखं त्यांचं काम असतं, वारा आणि पातळ मल अडवून धरायचं. आपण स्वस्थ असताना गुदद्वार ज्या दाबाने मिटलेलं राहतं, त्यातला साधारण 15 ते 20 टक्के वाटा या गाद्यांचा असतो. मूळव्याध म्हणजे शिरांना आलेला फुगवटा असं डॉक्टरही बराच काळ मानत होते. 1975 साली डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या शल्यविशारदांनी या गाद्यांची रचना नीट मांडली आणि ती समजूत मागे पडली.

या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू सैल पडले की त्या खाली सरकतात आणि रक्ताने फुगतात. वरून घट्ट मल घासून गेला की लालभडक रक्त येतं. आणखी सरकल्या की शौचाच्या वेळी बाहेर येतात, त्यालाच आपण कोंब किंवा मोड म्हणतो. सुरुवातीला ते आपोआप आत जातात, पुढे बोटाने ढकलावे लागतात, शेवटी जातच नाहीत. हे तंतू सैल पडतात ते वयाने, वर्षानुवर्षं कुंथण्याने, गर्भाच्या दाबाने. वारंवार होणाऱ्या जुलाबांचाही त्यात हात असतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत जोहान्सन आणि सोनेनबर्ग यांनी 1990 मध्ये आकडे तपासले तेव्हा मूळव्याधीचं प्रमाण 45 ते 65 या वयात सर्वांत जास्त दिसलं, त्यानंतर ते उतरलं. बद्धकोष्ठ मात्र 65 नंतर वाढत जातं. म्हणजे 'पोट साफ होत नाही, बस्स' एवढ्यावरही हा विषय संपत नाही. ओझं उचलणं, बैठी नोकरी, वाढलेलं वजन यांबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्यांना मी पक्की कारणं म्हणणार नाही.

'तिखट, अंडी, मटण, वांगं'

तिखटाची तर थेट परीक्षा झालेली आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये मूळव्याधीच्या 50 रुग्णांना एकदा लाल मिरचीच्या पुडीची कॅप्सूल दिली आणि एकदा तशीच दिसणारी बिनमिरचीची. कुठली कधी दिली हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं. रक्तस्राव, दुखणं, खाज, सूज यांत फरक पडला नाही.

पण इथे आपल्या नागपूरलाही ऐकलं पाहिजे. तिथल्या एका शल्यविशारदाने मूळव्याधीचं आणि फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं, ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर असाच प्रयोग केला, तेव्हा ताज्या जखमेवर मिरचीने आग आणि दुखणं वाढलं. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की चित्र उघडं होतं : मिरचीने मूळव्याध जन्मत नाही, पण जखम उघडी असेल तर ती झोंबते.

आणि ज्याला आपण सरसकट 'मूळव्याध' म्हणतो त्यात जखमच असलेले कितीतरी जण असतात. शौचाला बसल्यावर चिरल्यासारखी कळ, नंतर तासभर आग, कागदावर किंवा मलाच्या कडेला रक्ताची रेघ, हे बहुधा फिशर. आतल्या मूळव्याधीत रक्त थेंबथेंब पडतं, कधी धारही लागते, पण दुखत नाही, कारण त्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. बाहेरच्या बाजूला अचानक निळसर, टणक, प्रचंड दुखणारी गाठ आली तर तिथल्या शिरेत रक्त गोठलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात. शेजारी पुटकुळी येऊन पू वाहत राहत असेल तर ते भगंदर. चार निराळे आजार, चार निराळे उपचार, आणि मेसेजमध्ये सगळ्यांना एकच लिंबू.

मटण-अंड्यांचा दोष एवढाच की त्यांत तंतू म्हणजे चोथा नसतो. ताटात फक्त रस्सा, पांढरा भात आणि पाव असेल तर मल घट्ट होणारच. बिचाऱ्या वांग्यात चोथा असतो, त्याला यादीत का ओढलं ते कळत नाही. खरा प्रश्न विचारायचा तर तो भाकरीचा विचारा. ज्वारी-बाजरीच्या पिठात 100 ग्रॅममागे 10 ते 11 ग्रॅम तंतू असतात, कणकेतही तेवढेच. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमसुद्धा नाहीत. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवेत. सकाळी पाव-बटर, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव आणि रात्री पुन्हा भात असा दिवस गेला तर बेरीज कुठे पोचेल ते तुम्हीच बघा. तंतूंचा फायदा मोजलेला आहे : 2005 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या अभ्यासात, 7 चाचण्या आणि 378 रुग्ण होते, त्यांत तंतू घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका जवळपास निम्म्यावर आला.

जाता जाता इसबगोलाचं सांगते. दोन घोट पाण्याबरोबर चमचाभर तोंडात टाकून माणसं निघून जातात आणि चार दिवसांनी 'आणखीच घट्ट झालं' म्हणून पाकीट परत घेऊन येतात. इसबगोल पाणी शोषून फुगतं, म्हणून ते पेलाभर पाण्यात घ्यायचं आणि दिवसभरही पाणी प्यायचं. आणि ज्या चूर्णांत सोनामुखी असते, ती रोजची सवय म्हणून घेऊ नका. डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

'पूर्वजांना नव्हती, कमोडने आणली' आणि 'आयुर्वेदात सांगितलं आहे'

हे दोन दावे एकाच मेसेजमध्ये आहेत आणि ते एकमेकांना खोडतात. पूर्वजांना मूळव्याध नव्हती तर चरकसंहितेत अर्शचिकित्सेचा (अर्श म्हणजे मूळव्याध) अख्खा अध्याय कशासाठी? सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, ते कुणासाठी? कमोड यायच्या कितीतरी शतकं आधीची ही गोष्ट आहे.

शिवाय त्या ग्रंथांनी कारणं कोणती दिली आहेत ते बघण्यासारखं आहे. चरकाच्या यादीत उकिडवं बसणं आहे, हो, मेसेज ज्याचं गुणगान करतो तेच. ओबडधोबड, कठीण आसनांवर बसणं आहे, उंटावरचा प्रवास आहे. 'प्रततातिनिर्वाहण' आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा आणि जोर लावून कुंथणं. आलेला वेग, म्हणजे शौचाची भावना, दाबून ठेवणं आहे, आणि वेग नसताना मुद्दाम आणणंही आहे. स्त्रियांसाठी वेगळी नोंद आहे : गर्भपात, गर्भाचा दाब, अवघड प्रसूती. तिखट, आंबट, खारट, उष्ण यांचा उल्लेख जरूर आहे, पण हे सगळे एकत्र येतात ते पित्ताच्या अर्शाच्या कारणांत. आणि अर्शाचा हा एकच प्रकार नाही, सुश्रुताने जन्मजात धरून सहा प्रकार सांगितले आहेत. आजचा सर्जन कुंथणं, वेग दाबणं आणि गरोदरपण हीच नावं घेतो. मला या अध्यायाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच त्याच्या नावावर कुणीही काहीही खपवावं याचा संताप येतो. ग्रंथातली सगळी निरीक्षणं गाळून 'उष्णता' हा एकच शब्द उचलायचा आणि वर शिक्का मारायचा, हा आयुर्वेदावरही अन्याय आहे.

वेग दाबण्याबद्दल एक वाक्य जास्त लिहिते. एस.टी. स्टँडवरचं संडास वापरवत नाही म्हणून, शाळेत दार लागत नाही म्हणून, बाजारात दिवसभर भाजी विकताना जायला जागाच नाही म्हणून बायका आणि मुली तासन्‌तास थांबतात. थांबलेल्या मलातलं पाणी आतडं शोषून घेत राहतं, तो घट्ट होतो, मग कुंथावं लागतं. तिखट सोडायचा सल्ला त्यांच्या काय कामाचा?

कमोडबद्दल खरं तेवढं मान्य. उकिडवं बसलं की मोठ्या आतड्याचा शेवटचा बाक सरळ होतो आणि जोर कमी लागतो. इस्रायलमध्ये 28 जणांवर 2003 मध्ये झालेल्या मोजणीत उकिडवं बसून सरासरी 51 सेकंद लागले, नेहमीच्या कमोडवर 130. पायांखाली छोटं स्टूल घेतलं तर कमोडवरही बराचसा तसाच कोन मिळतो. पण गुडघे गेलेल्या आजीला कमोड सोडायला लावू नका. उकिडवं बसूनही कुंथत राहिलं तर गाद्या खाली येतातच.

आणि वेळेचा मुद्दा इथेच येतो. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी 2025 मध्ये कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, आलेल्या 125 जणांना विचारलं. 66 टक्के लोक संडासात फोन वापरत होते, आणि त्यांच्यात मूळव्याधीचा धोका 46 टक्के जास्त निघाला. फोनवाल्यांपैकी 37 टक्के दर खेपेला पाच मिनिटांहून जास्त बसत, बिनफोनवाल्यांपैकी 7 टक्के. अभ्यास लहान आहे, त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण खाली आधार नसलेल्या अवस्थेत गाद्यांवर बराच वेळ ताण राहतो हे शरीररचनेला धरूनच आहे. म्हणजे हा मेसेज जिथे बसून वाचला जातो, ती जागा मेसेजमधल्या कारणांत असायला हवी होती.

'गरोदरपणातली आपोआप जाते'

पुष्कळदा ओसरते, खरं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाचा दाब, संप्रेरकांमुळे मंदावलेलं आतडं आणि प्रसूतीतला जोर, असा तिहेरी भार असतो. पण 'काही करू नका' हे चूक. मल मऊ ठेवणं, टबात कोमट पाण्यात बसणं आणि डॉक्टरांना सांगणं, एवढं तर तेव्हाही करता येतं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं आणि भाज्या तोडायच्या ही पद्धत काही घरांत अजून आहे. ती थांबवा, कळकळीने सांगते.

'रक्त पडलं तर घाबरू नका'

या एका वाक्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं. मलातून जातं ते रक्तच असतं, 'उष्णता' नावाचं दुसरं काही त्यातून बाहेर पडत नाही.

दुकानात एक ताई यायच्या. गर्दी ओसरेपर्यंत ग्लुकोजच्या डब्यांशी थांबायच्या, मग हळूच मलमाचं नाव घ्यायच्या. त्याच बिलात लोहाच्या गोळ्या असायच्या, थकवा आणि चक्कर म्हणून. एकदा मी विचारलं, "ताई, या गोळ्या कशाने सुरू झाल्या?" "हिमोग्लोबिन सात आलं होतं." "आणि खालून रक्त जातंय ते सांगितलंत का डॉक्टरांना?" त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पुरुष डॉक्टर आहेत ना." शरीरातलं रक्त एका बाजूने जात होतं, गोळ्या दुसऱ्या बाजूने भरत होत्या, आणि लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट होतो म्हणून कुंथणं वाढत होतं. लोहाने मल काळाही होतो, त्यामुळे वरून होणारा रक्तस्राव असला तर तोही झाकला जातो. मलम आणि लोह एकाच बिलावर दिसलं की आता मी विचारतेच.

मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, हे आधी स्पष्ट सांगते, कारण ती भीतीही पसरवली जाते. पण गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही रक्तच पडतं, आणि 'मूळव्याध आहे' असं समजून महिनोन्‌महिने घालवलेले रुग्ण उशिरा पोचतात. आपल्याकडे तो चाळिशीच्या आतल्या माणसांतही आढळतो, म्हणून 'माझं वय लहान आहे' यावर विसंबू नका. रक्त दोन आठवड्यांहून जास्त येत राहिलं, मलात मिसळलेलं किंवा गडद असलं, सोबत शेंब पडत असली, शौचाची सवय बदलली, पोट साफ झाल्यासारखंच वाटत नसलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असला, तर लगेच दाखवा. बोटाने आणि एका छोट्या नळीने केलेली पहिली तपासणी काही मिनिटांची असते. स्त्री डॉक्टर हवी असं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

'दूध-लिंबू, सात दिवस, मुळासकट'

मूळव्याधीचं रक्त येतं आणि पुष्कळदा काही दिवसांत आपोआप थांबतं. गोठलेली गाठही आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते. त्यामुळे त्या सात दिवसांत जे काही पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. दूध-लिंबाने बहुतेकांना अपाय होणार नाही, पण खाली सरकलेली गादी जागेवर जाणार नाही.

मेसेजचं हे वाक्य माणसाला पुढे जिथे नेऊन सोडतं ते जास्त धोक्याचं आहे. सात दिवसांनी फरक पडला नाही की भिंतीवरची 'बिनऑपरेशन, एका इंजेक्शनात खात्रीशीर' ही जाहिरात आठवते. पदवी नसलेला माणूस कुठलं तरी जळजळीत रसायन टोचतो, मांस सडतं, आणि नंतर गुदद्वार आकसून शौचाची वाटच अरुंद होते. इंजेक्शन, रबर बँड, क्षारकर्म हे सगळे खरेच उपचार आहेत, पण ते शिकलेल्या सर्जनच्या किंवा शल्यतंत्र शिकलेल्या वैद्याच्या हातात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेकांना ऑपरेशनची गरजच पडत नाही. जेवणातले तंतू, पाणी, संडासातला कमी वेळ यांवर भागतं, नाही भागलं तर बाह्यरुग्ण विभागात रबर बँड लावून त्याच दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हे करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा, आणि स्वतःच्या मनाने ती गोळी बंद करू नका.