पायताणाचा न्याय

गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने सीटवर दोनदा थोपटून सांगितलं, "ओरिजिनल लेदर आहे साहेब." दहा वर्षांची गाडी, लाखभर किलोमीटर पळालेली, डाव्या दाराला पोचा. पण 'लेदर' ऐकलं आणि मी विरघळलो. आमच्या घराण्यात तोवर कातडं कमरेच्या वर किंवा घोट्याच्या खालीच वापरलं गेलं होतं. मधल्या भागाला हा मान प्रथमच मिळत होता.

पार्किंग उघड्यावर. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला आणि मान म्हणजे काय ते त्या मधल्या भागाला कळलं. दुपारी तीनला गाडीत बसायचं म्हणजे आधी एक मांडी टेकवायची, उचलायची, मग दुसरी. सोसायटीचा वॉचमन हा प्रकार रोज खुर्ची फिरवून बघायचा.

त्या उन्हाने ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, चढता-उतरता आपण जिच्यावरून घसरतो ती, टाचेसारखी भेगाळली. बसलं की करकर वाजायची. बायको म्हणाली, "रात्री क्रीम लावून मोजे घाल तिला." मी कोल्हापूरला मामांना फोन लावला. घरात कातड्यातलं कळणारे तेवढेच.

"करकर वाजतंय? मग चांगलंच हाय की!" मामा म्हणाले. "अरं, कातडं हाय ते. नव्या पायताणाला काय करतूस? तेल पाजायचं. पिऊन पिऊन गप हुतंय."

दिवाळी होतीच. नरक चतुर्दशीला मी अंघोळ उरकली आणि वाटीभर खोबरेल घेऊन खाली उतरलो. पुढच्या सीटा, मागची, पाठी, बाजू, डोकं टेकायच्या उश्या, काही सोडलं नाही. सीट पीत नव्हती. मला वाटलं लाजतेय. आणखी पाजलं. पुढे महिनाभर दर रविवारी पाजलं.

खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, हे बाथरूममधली बाटली दर थंडीत सांगते. पण बाथरूममधलं ज्ञान पार्किंगमध्ये आठवत नाही. डिसेंबरात एका सकाळी दार उघडलं तर सीटवर पांढरा थर. टाक्यांच्या ओळींत तर साटा भरल्यासारखा. ऑफिसची घाई होती, तसाच बसलो. सिग्नलगणिक तो थर माझ्या उबेने वितळत गेला. लिफ्टमध्ये एक सहकारी नाक वर करून म्हणाला, "डब्यात नारळीभात का?" मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. डबा माझ्या हातात होता, वास मागून येत होता.

शेवटी नाना पेठेत एका सीटकव्हरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"तळायला घेतली होती का?"

मग तेल पुसून त्यांनी सीटच्या मधोमध पाण्याचा एक थेंब सोडला. अळवावरच्या पाण्यासारखा तो तसाच थरथरत राहिला. दुसरा भेगेवर सोडला. तो मुरला आणि काळा डाग उमटला. "बघा," चाचा म्हणाले, "चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावतात. ते उघडं असतं, तेल पितं. हे क्रोमच्या क्षारात कमावलेलं. वर रंग, रंगावर कोट. तेल पाजताय कोणाला? रंगाला?" आणि जाता जाता, अगदी सहज, "तशी बसायची जागा तेवढी लेदर आहे. बाजू आणि पाठीमागचं सगळं रेक्झिन."

म्हणजे महिनाभर मी प्लॅस्टिकला अभ्यंगस्नान घालत होतो.

"पण चकाकी तरी आली होती," मी केविलवाणं म्हणालो.

"नवं लेदर चकाकत नाही साहेब. चकाकतो तो आधीच्या मालकाचा घाम. आता वर तुमचं तेल."

हे ऐकल्यावर रविवारची झोप गेली. सौम्य साबणाचा नुसता फेस, मऊ ब्रश, पाणी जेमतेम, आणि एका वेळी वीतभरच जागा घासायची, लगेच कोरड्या फडक्याने टिपायची. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघाला. मुकाट्याने टिपला. त्यात त्या अनोळखी माणसाचे किती उन्हाळे होते कोण जाणे. पाच तास लागले. मग चण्याएवढं कंडिशनर घेऊन फडक्याने फिरवलं. भेगांत भरण आणि वर रंग चाचांनीच केला. त्याचे पैसे बायकोला निम्मे सांगितले आहेत. काचेला उन्हाचा पडदा आला, पावसाळ्यात बुरशी पुसायला वेगळं फडकं आलं. आणि सीट खरंच मऊ झाली. वाजेना, चकाकेना, चिकटेना.

गेल्या आठवड्यात मामा आले. स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो. मामांनी दार उघडलं, तळहाताने सीट दाबून पाहिली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पाच तासांचं सोनं झालं.

"बघ, तेल पाजल्याचा गुण!" ते म्हणाले. आणि अशा सीटचा मान राखायचा म्हणून पायातलं काढून, पायपुसणं घाण नको म्हणत, दोन्ही पायताणं त्यांनी मागच्या सीटवर अलगद ठेवली.

घरी पोचल्यावर उचलली, तर खाली दोन तेलकट पावलं.

"नवं हाय रं," मामा म्हणाले. "कालच पाजलंय."