खुलासा: पाळीआधी गोळी ‘डबल’ करू नका

ऑनलाइन धंदा करणाऱ्या बायकांमध्ये एक सल्ला फिरतोय: एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार) असेल तर पाळीआधीच्या आठवड्यात त्याची गोळी डबल घ्या, ऑर्डरी तुंबणार नाहीत. यातलं निम्मंच खरं आहे. त्या दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, त्याचा डोपामाइनवर (लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या मेंदूतल्या रसायनावर) परिणाम होतो आणि अनेकींचं लक्ष जास्तच भरकटतं. (माझ्याकडून कोल्हापूरची साडी नागपूरच्या खोक्यात गेलीय.) पण डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही. मेथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं औषध आहे, चिठ्ठीची एक प्रत केमिस्टला 2 वर्षं जपावी लागते. एडीएचडीचं दुसरं औषध असलेल्या अ‍ॅटोमॉक्सेटिनचा तर पूर्ण परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात, मग आठ दिवस वाढवून काय होणार? दोन-तीन महिने पाळीच्या तारखा आणि लक्षणं वहीत लिहा, ती वही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. डोस बदलायचा की नाही, ते त्यांनाच ठरवू दे.