एक कान गाण्याला, एक कान रस्त्याला

सायकलला आरसा नसतो. म्हणजे लावता येतो, पण लावला की तो प्रत्येक खड्ड्याला मान टाकतो आणि मग त्यात मागची गाडी दिसायच्या ऐवजी आपलाच गुडघा वर-खाली होताना दिसतो. त्यामुळे मागून काय येतंय हे कळायचा भरवशाचा मार्ग एकच, कान. आणि गाणी ऐकायला पण नेमके तेच लागतात, सगळा घोळ इथेच आहे.

"मग गाण्याशिवाय चालव की!" असं सांगणारे भेटतातच, माझ्या तर घरातच आहेत. आई म्हणते, चालवताना चालवावं आणि ऐकताना ऐकावं. (स्वतः तिला रेडिओ लावल्याशिवाय कपड्यांच्या घड्या घालता येत नाहीत, पण ते बोलायची सोय नाही.) लांबच्या लांब सरळ रस्त्यावर तासभर नुसती चेनची करकर ऐकून बघा एकदा, शेवटी डोक्यात लहानपणीच्या कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीचं गाणं आपोआप सुरू होतं आणि त्याला बंद करायचं बटण नसतं.

तर सुरुवात केली कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोकांच्या इयरफोनने. आवाज काय सुंदर! घातले की जगच म्यूट. मागून ट्रक येतोय हे आधी हँडलला कळायचं, मग मला. त्यात गाणं बेसवालं असेल तर अजूनच मजा, कारण जाड आवाज मोठा झाला की त्याच्या वरचे बारीक आवाज तो गिळून टाकतो, आणि मागच्या गाडीच्या टायरची जी सळसळ असते ती बिचारी त्याच गिळल्या जाणाऱ्यांत. उलटंही होतं. काही संगीतकारांना गाण्यात मध्येच हॉर्न नाहीतर सायरन टाकायची हौस असते, अशा हॉर्नला मी रिकाम्या रस्त्यावर कित्येकदा अदबीने बाजूला होऊन साइड दिलेली आहे.

मग ते काढून साधे, सैल बसणारे घेतले. यांच्यातून बाहेरचं ऐकू येतं म्हणे. येतं ना, वारा येतो! पंचवीसच्या स्पीडला गेलात की कानाशी जो घोंगावतो त्यात गायक कुठेतरी लांब टेकडीपलीकडून गातोय असं वाटतं, मग आपण आवाज एक पॉइंट वाढवतो, उतार लागला की अजून दोन, आणि सिग्नलला थांबून वारा बंद झाला की तोच गायक कानाच्या पडद्यावर उभा राहून ओरडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालेल, पण पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो, कारण ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जाच दुप्पट होते. वाऱ्याशी चढाओढ करणाऱ्याचा आठवड्याचा कोटा कधी संपत असेल ते त्या उतारालाच माहीत.

यावर सगळ्यांचा एकच सल्ला, एकाच कानात घाल. ठीक, पण कोणत्या? जिकडून गाड्या ओव्हरटेक करतात तो कान मोकळा ठेवायचा, इतकं मलाही सुचलं. खरी गंमत पुढे आहे. आवाज कुठून आला हे मेंदूला कळतं ते दोन कानांमधल्या फरकावरून, एका कानाला तो आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित उशिरा, आणि हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एवढा नाजूक हिशोब चाललेला असताना एका कानात ढोलकी बसवली की मेंदू हात वर करतो. गाडी येतेय हे कळतं, कुठून ते कळत नाही. मग मान वळवून बघायचं, आणि सायकलवाल्यांना सांगायला नको, मान जिकडे वळते तिकडे हँडलपण निघतं.

कायद्याचंही धड एकमत नाही. कॅलिफोर्नियात एका कानात चालतं, दोन्हीत नाही. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून सायकलवर इयरफोन घालायलाच बंदी केली, एका कानातही नाही, दंड १३५ युरो. नेदरलँड्समध्ये खुशाल ऐका, फक्त १ जुलै २०१९ पासून चालवताना फोन हातात धरायचा नाही. हे मला पटतं बुवा. नको ते गाणं लागलं की खिशातून फोन काढून ते बदलायचा जो मोह होतो ना, तो फार वाईट, वीसच्या स्पीडला दोन सेकंद खाली बघितलं की अकरा मीटर रस्ता आपण न बघताच पार केलेला असतो. आता एक गंमत बघा, पहिला वॉकमन जपानमध्ये विकायला आला ती तारीख १ जुलै १९७९! आणि युरोपात इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या मॉडेलना ताशी २० किमीपर्यंतच्या हळू स्पीडला मुद्दाम आवाज काढायची सक्ती झाली तीही १ जुलै २०१९ पासूनच. या तारखेचं आणि कानांचं काहीतरी जुनं देणंघेणं असणार.

त्या पहिल्या वॉकमनवर एक नारिंगी बटण होतं. दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. म्हणजे आज ज्याला ट्रान्सपरन्सी मोड म्हणून मिरवतात ते १९७९ मध्येच झालेलं आहे. मीही हौसेने तो मोडवाला इयरफोन घेतला. घरात झकास चालतो, शेजारच्या खोलीत माझ्याबद्दल काय बोलतात ते स्पष्ट ऐकू येतं. सायकलवर मात्र त्याचा माइक बाहेरचा आवाज म्हणून पहिल्यांदा उचलतो तो वारा, आणि कानात असं वाटतं की कुणीतरी चिप्सचं पाकीट चुरगळतंय आणि संपतच नाहीये. मूळचा वारा फुकट होता, आता तोच पैसे देऊन, वाढवून.

मध्ये काही दिवस हँडलला स्पीकर लावला. कान दोन्ही मोकळे, कायद्याचीही भीती नाही. पण मग गाणं आपलं राहत नाही हो. शफल नावाच्या प्रकाराला तर वेळकाळ कळत नाही, भर गर्दीच्या सिग्नलला त्याने प्रेयसी सोडून गेल्याचं असलं रडकं गाणं लावलं की शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागला. एकदा पहाटे एक सत्तरीचे काका मागून आले, बराच वेळ चाकाला चाक लावून शेजारी चालत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अरे, हे नको, मगाचचं लाव." लावलं. काय करता.

सध्या हाडातून ऐकवणारे आहेत. ते कानात जातच नाहीत, कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसतात आणि हाड हलवून आवाज थेट आतल्या कानात पोचवतात. कानाची भोकं मोकळी. बेस आला की गालाला गुदगुल्या होतात, त्याचीही सवय होते. अडचण जागेची आहे. कानाच्या वर त्या इंचभर पट्टीत हेल्मेटचा पट्टा, गॉगलची काडी आणि हा असे तिघे भाडेकरू, एकाला सरळ केलं की दुसरा निघतो. आणि भोक मोकळं म्हणून खुशाल आवाज वाढवाल तर तेही जमत नाही, कारण हाडातून काय नि हवेतून काय, दोन्ही आवाज शेवटी एकाच ठिकाणी जाऊन भांडतात, मोठा असेल तो जिंकतो.

पॉडकास्टचा तर विषयच काढू नका. त्यात कान उघडे असतात पण माणूस घरी नसतो. खून कुणी केला हे कळायच्या सुमाराला मी माझं वळण सोडून दोन चौक पुढे गेलेलो असतो. खुनी तोच होता, ज्याच्यावर मला पहिल्यापासून संशय होता.

आणि हो, काचा वर, एसी चालू, आत डबडब बेस अशा गाडीवाल्याला कुणी एक शब्द बोलत नाही. ठीक आहे, त्याला तीन आरसे असतात. पण लागलंच कुठे तर पत्रा त्याचा जातो आणि गुडघा माझा.

तर आता माझी व्यवस्था अशी. आवाज इतका कमी ठेवायचा की मागच्या टायरची सळसळ ऐकू आली पाहिजे. एवढ्या आवाजात उताराला फक्त वारा ऐकू येतो, चढाला फक्त स्वतःची धाप, आणि सपाटीला मागच्या गाड्या. गाणं ऐकू येतं ते लाल सिग्नलला. मुखडा एका चौकात, पहिला अंतरा पुढच्या चौकात, मधलं म्युझिक तर कुणी ऐकलेलंच नाही. परवा मित्र म्हणाला, नदीकडच्या रस्त्याने जा की, एकपण सिग्नल नाही, दहा मिनिटं वाचतील. मी मुद्दाम बाजारातून जातो. तिकडे सहा आहेत, आणि त्यातला एक बिघडलेला असल्यामुळे बराच वेळ लालच राहतो, तिथे अख्खं कडवं होतं.