खात्यांचे नंबर सरकारनं द्यावेत का?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझ्या मावसभावाची फौंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करायचा कारखाना, छोटी, प्रायव्हेट लिमिटेड. त्याचा जुना अकाउंटंट सोडून गेला, नवा आला, आणि मार्चअखेरीला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गाडीभाडे', 'ट्रान्सपोर्ट' आणि 'फ्रेट' अशी तीन लेजर, म्हणजे खाती, निघाली. खर्च एकच. तेव्हापासून दादाचा हेका सुरू आहे की खात्यांची एकच यादी कायद्यानं सक्तीची करावी. "तुमच्याकडं बरं हाय बघ, सरकारनंच नंबर ठरवून दिलेत," असं तो मला फ्रान्सला फोनवर ऐकवतो. त्याच्या ओळखीतल्या काही कारखानदारांची तर खात्री आहे की अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये, म्हणजे हिशेबाच्या ठरलेल्या नियमांत, अशी यादी आहेच, आपले लोक पाळत नाहीत एवढंच.

तशी यादी नाही. कंपनी कायदा 2013 चं कलम 128 सांगतं की हिशेब द्विनोंदी पद्धतीनं (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी) आणि उपार्जित तत्त्वावर (पैसे कधी दिले-घेतले ते न बघता खर्च-उत्पन्न ज्या काळाचं त्या काळात) ठेवा, आठ वर्षं जपून ठेवा. त्याच कायद्याचं परिशिष्ट तीन ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कसं मांडायचं ते ठरवतं. त्या ओळींच्या मागे तुमची लेजर किती आणि त्यांची नावं काय, यात कायदा पडत नाही. आपली स्टँडर्ड पडत नाहीत, आयएफआरएस ही हिशेबाची आंतरराष्ट्रीय नियमावली पडत नाही, अमेरिकेचे नियमही नाहीत. टॅलीत आधीच बनवून दिलेले 28 ग्रुप असतात, ते सॉफ्टवेअरवाल्यांचे. गंमत म्हणजे सरकारनं स्वतःसाठी मात्र यादी केली आहे. सरकारी हिशेबात 2202 म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाचा खर्च, मग राज्य कुठलंही असो.

मी फ्रान्समध्ये लिऑनला एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करतो. इथं दादा म्हणतो तसंच आहे. 1947 पासून इथं राष्ट्रीय हिशेब आराखडा आहे आणि त्यातले नंबर पाळावेच लागतात. 401 पुरवठादार, 411 ग्राहक, 512 बँक, 641 पगार. नोकरी बदलली तरी माणूस पहिल्या दिवशी खतावणी वाचू शकतो. 2014 पासून कर तपासणीला अधिकारी आला की संगणकावरच्या वर्षभराच्या सगळ्या नोंदींची ठरावीक रचनेतली एक फाइल त्याच्या हाती द्यावी लागते. नंबर सगळीकडे सारखे, त्यामुळे त्याला काय कुठं शोधायचं ते लगेच कळतं. सक्तीचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला होतो, हे दादानं यावरून ओळखावं.

आणि कारखानदाराला? इथं वीज 6061 मध्ये जाते. बेकरीची वीज तिथं आणि भट्टीची वीजही तिथंच. पोटखाती पाडायची मुभा आहे, पण मूळ वर्गवारी खर्च कशाचा झाला एवढंच विचारते, कशासाठी झाला हे विचारत नाही. दादाचं दुखणं वेगळं आहे. टनामागे वीज किती लागली, वितळताना धातू किती जळाला, रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत घालायला काय पडलं, हे त्याला हवंय. ते सांगायला आमच्याकडेही वेगळा खर्चाचा हिशेब ठेवतात आणि त्याला सक्तीचा नंबर नाही. म्हणजे सरकारी यादी आली तर दादाची तीन भाडी कदाचित एका खात्यात येतील, पण रिजेक्शनचा आकडा जिथं दडलाय तिथंच दडून राहील.

मला जर्मनीची तऱ्हा जास्त पटते. प्राध्यापक श्मालेनबाख यांनी 1927 मध्ये खात्यांच्या सामाईक आराखड्याची कल्पना मांडली. 1937 मध्ये नाझी सरकारनं आराखडा सक्तीचा केला. युद्धानंतर सक्ती गेली, सवय राहिली. आज तिथं अंतिम पत्रकांचा साचा कायद्यात आहे, खात्यांचे नंबर नाहीत. तरीही बहुतेक छोटे धंदे दोनपैकी एक यादी वापरतात. एकीत बँक 1200 वर, दुसरीत 1800 वर. या याद्या डाटेव्हच्या. डाटेव्ह म्हणजे करसल्लागारांनी 1966 मध्ये न्यूरेम्बर्गला काढलेली सहकारी संस्था. सहकारी! दूध आणि ऊस सहकारानं चालवणाऱ्या जिल्ह्याला यात अवघड काय वाटावं?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रीवाल्यांनी आणि त्यांच्या सीएंनी बसून धंद्यापुरती यादी करावी. पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप, वाळू, भट्टीची वीज वेगळी, ऑफिसचं लाइट बिल वेगळं, रिजेक्शन वेगळं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचा गट तर पहिल्या दिवसापासून वेगळा हवा. परिशिष्ट तीनमध्ये 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यांना द्यायची थकबाकी किती जुनी आहे ते दाखवावं लागतं. शिवाय करार असला तरी 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत त्यांचं बिल भागवलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरला जात नाही. कायद्यानं लेजरचं नाव सांगितलेलं नाही, पण ते लेजर नसेल तर मार्चमध्ये एकेक बिल उपसत बसावं लागतं.

दादाला हे सांगितलं तर त्याची पहिली शंका अशी, की यादी एक झाली तर शेजारच्याला आपलं रिजेक्शन कळणार. यादी सारखी असली तरी आकडे ज्याच्या त्याच्या कपाटात राहतात, हे त्याला अजून पटवतोय.