मेणबत्ती फेकण्याआधी ज्योतीकडे बघा

परवा वहिनींनी तीन सुगंधी मेणबत्त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्यांतल्या दोन तर एकदाही पेटवलेल्या नव्हत्या. का टाकल्या म्हणून विचारलं, तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज होता. तो थोडक्यात असा: 'सुगंधी मेणबत्ती पेट्रोलच्या गाळापासून बनते. ती जळताना बेंझिन आणि टोल्यूइन ही विषं सुटतात. तासभर मेणबत्ती म्हणजे सिगारेटचं अख्खं पाकीट. वातीत शिसं असतं. सोया मेणाची मेणबत्ती धूर करत नाही. कृत्रिम सुगंधाने कॅन्सर होतो, शुद्ध वनस्पती तेल मात्र निर्धोक. मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती तर घरातली हवा शुद्ध करते. बाकीच्या आजच फेकून द्या.'

मी काही वर्षांपासून घरी मेणबत्त्या ओतते. विकत नाही, घरात जाळते, जवळच्यांना देते. हा मेसेज वाचून मला वाईट वाटलं. त्यात काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्यामुळेच तो पटतो. माणूस नको तिथे घाबरतो, आणि जिथे खरंच सांभाळायला हवं तिथे निर्धास्त राहतो. म्हणून एकेक वाक्य घेते.

'पेट्रोलच्या गाळापासून बनते.' बाजारातल्या बऱ्याचशा मेणबत्त्यांत पॅराफिन असतं आणि ते आज खनिज तेलापासूनच काढतात, हे खरं. पण 'गाळ' हा शब्द फसवा आहे. वंगण तेल वेगळं काढताना हे मेण बाजूला होतं, मग त्यातलं उरलेलं तेल, रंग आणि वास काढून टाकतात. फिजिओथेरपीत दुखऱ्या सांध्यांच्या हातांना ज्या गरम मेणात बुडवतात, तेही पॅराफिनच. गंमत म्हणजे कार्ल रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली पॅराफिन पहिल्यांदा वेगळं केलं, ते लाकडाच्या डांबरातून. नाव दिलं ते 'फारशी जवळीक नसलेलं' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून, कारण हा पदार्थ सहसा कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही. मेण जमिनीखालून आलं की शेतातून, यावरून ते जळताना कसं वागेल हे ठरत नाही.

ते कसं ठरतं, हे समजायला ज्योतीकडेच बघावं लागतं. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वात ते वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. ज्योतीच्या आत वाफेचे मोठे रेणू तुटतात आणि काजळीचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण तापून चमकतात, म्हणून ज्योत पिवळी दिसते. पुढे ज्योतीच्या कडेला त्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळाला की तेही जळून जातात आणि उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसमोर हेच सगळं करून दाखवलं होतं. घरीही एक गोष्ट बघता येते. मेणबत्ती फुंकल्यावर पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला जळती काडी लावली तर ज्योत उडी मारून वातीवर परत येते. तो धूर म्हणजे न जळलेलं मेण असतं. सोया असो, पॅराफिन असो की मधमाश्यांचं मेण, सगळी याच वाटेने जळतात.

'बेंझिन आणि टोल्यूइन सुटतात.' या वाक्याचा उगम बहुतेक वेळा २००९ सालापर्यंत नेऊन पोचवला जातो. त्या वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एका परिषदेत दक्षिण कॅरोलायनातल्या दोन संशोधकांनी पॅराफिनच्या मेणबत्त्यांतून अशी रसायनं निघतात, असं मांडलं. त्यांचा रोख बंद जागेत वर्षानुवर्षं वारंवार जाळण्यावर होता. अधूनमधून लावलेल्या मेणबत्तीने फारसं बिघडणार नाही, असं त्यांनीही म्हटलं होतं. फिरत्या मेसेजमधून तेवढाच भाग गळाला.

बेंझिनने कॅन्सर होतो याबद्दल शंका नाही. पण कार्बन असलेली कुठलीही गोष्ट अपुऱ्या हवेत जळली की थोडं बेंझिन, थोडा फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू तयार होतोच. लाकूड, कागद, सोया मेण, कशालाच त्यातून सूट नाही. तेव्हा प्रश्न उरतो 'किती' एवढाच. बंद प्रयोगकक्षात मेणबत्त्या जाळून केलेल्या मोजमापांत नेहमीच्या घरगुती वापराला ही मात्रा घरातल्या हवेसाठी सुचवलेल्या मर्यादांच्या बरीच खाली आढळली आहे. यातल्या काही अभ्यासांना मेणबत्ती उद्योगाचा पैसा होता, हे वाचकाला सांगायलाच हवं आणि त्या आकड्यांकडे त्या नजरेने बघायलाही हवं. तरीही ज्योतीचं रसायन कुणाच्या पैशाने बदलत नाही. शांत, स्थिर जळणाऱ्या ज्योतीतून न जळलेलं फार कमी बाहेर पडतं. धुरकट, नाचणाऱ्या ज्योतीतून जास्त.

सिगारेटच्या तुलनेवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. सिगारेटचा धूर ओढून थेट फुप्फुसात घेतला जातो, तंबाखू ज्योतीशिवाय धुमसत जळतो, त्यात निकोटिन आणि तंबाखूचीच खास कर्करोगकारक द्रव्यं असतात. मेणबत्तीत यातलं काही नाही. 'पाकीट' हे माप कुठल्या मोजणीतून आलं, ते मेसेज सांगत नाही.

'वातीत शिसं असतं.' असायचं. मऊ मेणात वात आडवी पडू नये म्हणून तिच्या गाभ्यात धातूची बारीक तार घालतात आणि पूर्वी काही वातींत ती शिशाची असे. अमेरिकेत २००३ साली, धातूच्या गाभ्यात वजनाच्या ०.०६ टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या वातींवर बंदी आली. आता तार असली तर सहसा जस्त किंवा कथलाची असते. बऱ्याच वातींत नुसता कागद किंवा सूत असतं. जुनी, कुणी केली ते माहीत नसलेली मेणबत्ती असेल, तर न पेटवलेल्या वातीचं टोक पांढऱ्या कागदावर घासून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती जाळू नका.

आता ज्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, ते: 'सोया मेणाची मेणबत्ती धूर करत नाही.' मी ओतलेली पहिली मेणबत्ती निखळ सोया मेणाची होती. संध्याकाळपर्यंत काचेच्या बरणीचा गळा काळा झाला. मेण चांगलं होतं. वात त्या बरणीच्या मानाने जाड होती आणि सुगंधही मी जरा सढळ हाताने घातला होता. जाड वात मेण जास्त ओढते, ज्योत मोठी होते, तिला कडेने पुरेशी हवा मिळत नाही आणि उरलेली काजळी वर निघून जाते. सुगंधाचं तेल साधारण ६ ते १० टक्के घालतात. मेणाला पेलवतं त्याहून जास्त घातलं तर ते पृष्ठभागावर घामासारखं सुटतं किंवा वातीत अडकून ज्योत बिघडवतं. पुढच्या खेपेला त्याच मेणात बारीक वात घातली आणि बरणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

म्हणून विकत घेताना मी मेणाच्या नावाआधी वात बघते. बरणी रुंद आणि वात एकच, बारीक, असं असेल तर मध्ये खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहतं. मोठ्या बरणीला दोन-तीन वाती असाव्यात. वात सरळ आणि मधोमध हवी. 'सोया' लिहिलेल्या कितीतरी बरण्यांत पॅराफिन किंवा दुसरं मेण मिसळलेलं असतं. ते लपवायचं कारण नाही, कारण मिश्रण बऱ्याचदा जास्त चांगलं जळतं. किती टक्के सोया हे जो सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. निखळ सोया मेणावर बर्फाच्या नक्षीसारखे पांढुरके डाग येतात, तो दोष समजू नका. व्हॅनिलाच्या वासाची पांढरी मेणबत्ती काही आठवड्यांत तपकिरी पडते, तेही व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिन या द्रव्यामुळे. ती शिळी झालेली नसते.

आणि घरी आणल्यावरची कामं. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कातरा. टोकावर अळंबीसारखा काळा गोळा आला असेल तर तो आधी काढा. पंख्याखाली किंवा खिडकीच्या झोतात ठेवू नका. ज्योत हलली की कडेला जळायची ती काजळी न जळताच निसटते. भिंतीवर, छतावर काळपट थर दिसायला लागला तर कारण इथे शोधा. फुंकून विझवण्यापेक्षा झाकण ठेवा, किंवा वात क्षणभर वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा सरळ करा. मघाशी सांगितलेली धुराची रेघ त्यामुळे खोलीभर पसरत नाही. घरात मेणबत्तीचा जो धूर होतो, त्यातला बराचसा या विझवण्याच्या क्षणाचा असतो.

'कृत्रिम सुगंधाने कॅन्सर होतो, वनस्पती तेल निर्धोक.' व्हॅनिलिन १८७४ साली प्रयोगशाळेत तयार झालं. त्याचा रेणू आणि व्हॅनिलाच्या शेंगेतला रेणू एकच. याउलट जाई-मोगऱ्याच्या नाजूक फुलांचा अर्क वाफेने नीट निघत नाही, म्हणून तो बहुधा हेक्झेन या खनिज तेलातून मिळणाऱ्या द्रावकाने काढतात. किलोभर गुलाबतेलाला ३ ते ५ टन फुलं लागतात. स्वस्त मेणबत्तीत ते असणं शक्य नाही. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलातून व्यापारी प्रमाणात तेल मिळतच नाही, तिचा वास नेहमी रचलेलाच असतो. निसर्गाच्या बाजूनेही सगळं सौम्य नाही. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी भेटलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते बाटलीतून आलं की सालीतून, याने फरक पडत नाही. टी ट्रीसारखी तेलं मांजरांना विषारी ठरतात, कारण अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची मांजराच्या यकृताची क्षमता तोकडी असते. पक्षी पाळणाऱ्यांनी त्या खोलीत सुगंधी मेणबत्ती लावूच नये.

या मुद्द्यात मेसेजला एक गोष्ट नीट मांडता आली असती. वेष्टनावर 'सुगंध' हा एकच शब्द छापला की त्याआड डझनावारी द्रव्यं झाकली जातात. ज्यांना दमा आहे, वासाने डोकं दुखतं किंवा अंगावर पुरळ येतं, त्यांच्यासाठी ही खरी अडचण आहे. त्यांना लिनालूल, लिमोनिन, सिनॅमल अशी त्रास देऊ शकणाऱ्या सुगंधी द्रव्यांची नावं वेष्टनावर वाचायला मिळायला हवीत. विकणाऱ्याला विचारा: सुगंध 'इफ्रा'च्या, म्हणजे १९७३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मर्यादेत आहे का, थॅलेट, म्हणजे सुगंध विरघळवायला आणि टिकवायला वापरतात ती रसायनं, त्यात आहेत का. नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आणि घरात कुणाला त्रास होत असेल, तर नैसर्गिक-कृत्रिम हा वाद बाजूला ठेवून बिनवासाची मेणबत्ती लावा.

'मधमाश्यांचं मेण हवा शुद्ध करतं.' नाही. त्यातून ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, निघतात आणि धूळ खाली बसते, असं सांगतात. ज्योत कुठलीही असो, तिच्यात धन आणि ऋण दोन्ही आयन तयार होतात आणि लगेच एकमेकांत मिसळून जातात. ज्योत खोलीतला ऑक्सिजन घेते आणि हवेतले सूक्ष्म कण उलट वाढवते. मला हे मेण फार आवडतं. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून उंच, सडपातळ मेणबत्त्या त्याच्या सुरेख होतात, आणि मधाचा जो मंद वास असतो त्यावर दुसरा वास घालायचं माझ्या मनातही येत नाही. पण कोंदट खोलीला खिडकीच लागते. कुबट वास येत असेल तर तो कुठून येतो ते शोधा. मेणबत्ती त्यावर फक्त दुसरा वास चढवते.

मेसेजमध्ये एक शब्दही नाही तो आगीबद्दल, आणि मेणबत्तीचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे. पडदा, पुस्तक, उशी यांच्यापासून किमान ३० सेंटिमीटर अंतर. झोप येत असेल तर आधी विझवा. सलग ४ तासांपेक्षा जास्त जाळू नका. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की ती मेणबत्ती संपली असं समजा, नाहीतर तापलेली काच तडकते.

नाकाचंही ऐका, पण त्याच्या मर्यादेसह. काही मिनिटांतच नाक सरावतं आणि वास 'गेला' असं वाटतं. मग माणूस दुसरी मेणबत्ती पेटवतो. त्याऐवजी दुसऱ्या खोलीत जाऊन या. दारातून आत येताना तो वास पुन्हा भेटेल. छोट्या खोलीला एकच ज्योत पुरते, तीही तासाभरापुरती. नंतर विझवली तरी वास बराच वेळ रेंगाळतो.

वहिनींच्या डब्यातून आम्ही त्या दोन नव्या मेणबत्त्या काढल्या. एकीची वात बोटाच्या पेराएवढी लांब होती, ती कातरली. बरणी साडेसात सेंटिमीटर रुंद. पहिल्या वेळी दर अडीच सेंटिमीटरला तास धरायचा, म्हणजे वितळलेलं मेण काठापर्यंत पोचतं आणि पुढे मध्ये खड्डा पडत नाही. तीन तास आम्ही तिथेच बसलो होतो, पंखा बंद, खिडकी जराशी उघडी. वहिनी मधूनमधून उठून बरणीचा गळा बघत होत्या. काच स्वच्छ होती. शेवटी झाकण त्यांनीच ठेवलं.