ही सायकल कोणत्या रस्त्यासाठी घेतली?

आज रविवार असल्यामुळे सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलो होतो. तीनच वस्तू आणायच्या होत्या : ७०० × ३२ मापाचे (म्हणजे ३२ मिलिमीटर रुंदीचे) दोन टायर, डिस्क ब्रेकच्या पॅडची जोडी आणि आठ स्पीडची (मागे आठ दातेरी चकत्या असलेल्या सायकलची) चेन. संध्याकाळी घरी परतलो तेव्हा पिशवीत फक्त चेन होती. डोक्यातला राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरण्याआधीच हे लिहायला बसलो आहे. आपल्या या गटातले बहुतेक जण सायकल चालवणारे किंवा निदान कधी काळी चालवलेले आहेत, त्यामुळे मला काय खुपले हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

ब्रेकचे पॅड कोणते लागतील हे कळावे म्हणून दुकानातल्या मुलाला मी मोबाइलमधला माझ्या सायकलचा, म्हणजे वाकलेल्या हँडलच्या रोड बाईकचा, फोटो दाखवला. त्याने तो पाहिला, हसला आणि आणखी दोघांना बोलावून दाखवला. "सर, रोड बाईकला कॅरिअर? आणि मडगार्डपण?" मग मालक आले. रोड बाईकवर बत्तीसचा टायर शोभत नाही, मला बत्तीसच हवे होते तर हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची आणि रुंद टायरची सायकल, घ्यायला हवी होती, असे त्यांनी सांगितले. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी कार्बनच्या चाकांची एक जोडी काढून माझ्या हातात दिली. तिची किंमत माझ्या अख्ख्या सायकलपेक्षा अधिक होती. "आठशे ग्रॅम वजन कमी होईल सर, सायकल उडेल," असे ते म्हणाले.

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे असे वाक्य ऐकले की डोक्यात आपोआप हिशेब सुरू होतो. माझे वजन ८२ किलो आहे, सायकल ११ किलोची आहे, आणि दप्तर, डबा, पाणी धरून आणखी पाचेक किलो होतात. या ९८ किलोंतून ८०० ग्रॅम गेले तर एक टक्काही भार कमी होत नाही. मे महिन्यात मी तीन लिटर पाणी घेऊन निघतो. त्यातले लिटरभर प्यायलो की मालकांच्या चाकांपेक्षा अधिक वजन आपोआप उतरते, आणि तेही फुकट. हलके चाक चढावर सुखद वाटते, हे मला मान्य आहे. एका मित्राची तशी सायकल मी चालवून पाहिली आहे. पण मी तिथे मागायला काय गेलो होतो आणि मला दाखवले काय गेले?

त्या दुकानात उभा असताना मला आमच्या रस्त्यावरचे पंक्चरवाले चाचा आठवत होते.

ही सायकल मी २०१९ साली घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), शिमानो कंपनीचा क्लॅरिस गिअरसेट आणि पंचवीसचे टायर, अशी ती होती. पथ्रोटच्या बाजूच्या आमच्या गावापासून परतवाड्याची शाळा १७ किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन रोजचे ३४. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून परतताना पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. मागचे चाक त्याच्या कडेवर आपटले आणि दहा पावलांत हवा गेली. दोन किलोमीटर सायकल हातात धरून चालत मी रस्त्याकडेच्या पंक्चरच्या टपरीवर पोचलो. टपरी म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचे घमेले. टपरीच्या मालकाला सारा पंचक्रोशीचा परिसर चाचा म्हणतो.

चाचांनी तोवर अशी सायकल हातात घेतलेली नव्हती. ट्यूबची नळी किती बारीक आहे, हे त्यांनी आधी नीट पाहिले. तिच्या टोकावरची इवलीशी चकती बोटाने फिरवून सैल केली, दाबली, आणि फस्स आवाज आल्यावर स्वतःशीच मान हलवली. ट्यूब बाहेर काढून त्यांनी घमेल्यात बुडवली. बुडबुड्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी वर आल्या. "सर, दोन छेद जोडीनं हायेत. काटा नाही हा. हवा कमी व्हती, कडेवर आपटली अन् ट्यूब चिमटली." मी आदल्या दिवशी टायर अंगठ्याने दाबून पाहिला होता आणि तो मला टणक लागला होता. माझ्या वजनाला पंचवीसच्या टायरात नव्वदच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा लागते आणि अंगठ्याला पन्नास आणि नव्वद यांतला फरक कळत नाही, हे मला नंतर समजले. चाचांना ते दोन छेदांवरून कळले होते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी अजूनही प्रत्येक पंक्चरच्या वेळी करतो. डब्यातून कापसाचा एक बोळा काढून त्यांनी टायरच्या आतून गोल फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे सराट्याचे टोक होते, अजून आरपार न गेलेले. पक्कडीने ते उपटून काढत ते म्हणाले, "हे उद्या गेलं असतं." मग कानशीने ट्यूब खरवडली, सोल्युशन लावून ते वाळेपर्यंत बिडी ओढली आणि बारीक कापलेले ठिगळ चिकटवले. टायरची कडही फाटलेली होती, म्हणून आपल्याकडचा अठ्ठावीस इंची टायर बसतो का, ते त्यांनी पाहिले. तो ढिला राहिला. दोन्ही चाकांना लोक अठ्ठावीसच म्हणतात, पण साध्या सायकलच्या रिमची बैठक, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला व्यास, ६३५ मिलिमीटरची असते आणि माझ्या रिमची ६२२ ची. त्या तेरा मिलिमीटरांपुढे कोणाचेच चालत नाही. शेवटी जुन्या टायरचा तुकडा कापून त्यांनी आतून फाटलेल्या जागी ठेवला. कॉम्प्रेसरचे तोंड नळीला बसेना, तेव्हा नळीच्या प्लास्टिकच्या टोपीचे टोक ब्लेडने उडवून ती टोपी पुन्हा नळीवर बसवली आणि त्यावर तोंड दाबून धरले. हवा भरली गेली.

वीस रुपये घेताना त्यांनी अगदी सहज विचारले, "सर, हे सायकल कोन्या रस्त्यासाठी घेतली तुमी?"

मला उत्तर देता आले नव्हते. खरे उत्तर असे होते की मी ती फोटोतल्या रस्त्यासाठी घेतली होती.

हायब्रिड घ्यायला हवी होती, हे मालकांचे म्हणणे मात्र मी ऐकून घेणार नाही. आमचा परतीचा रस्ता पश्चिमेकडे जातो आणि उन्हाळ्यात दुपारी तिकडूनच झळा येतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; तुम्ही ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने चालला असाल आणि समोरून विसाचाच वारा असेल, तर हवेच्या लेखी तुम्ही चाळीसने चालला आहात आणि विरोध चौपट झाला आहे. अशा वेळी वाकलेल्या हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवून अंग आडवे करता येणे ही चैन नाही, ती घरी वेळेवर पोचण्याची सोय आहे. रोड बाईकचा हा गुण मला हवा आहे. तिचे बारीक टायर मला नको आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सायकली विकणाऱ्या माणसाला त्या वेगळ्या करता येऊ नयेत याचा मला खरोखर संताप येतो. माझ्या फ्रेममध्ये मडगार्डसह बत्तीसचा टायर फिरण्याइतकी जागा आहे, त्यात साठ पीएसआय हवा पुरते आणि खड्ड्याचा दणका मणक्यापर्यंत येत नाही. काळ्या मातीत, पांदणीत शिरलो तर मडगार्डमध्ये चिखल गच्च बसून चाक अडते, हेही खरे आहे. पण मला शाळेत मुलांसमोर उभे राहायचे असते, पाठीवर चिखलाची रेघ घेऊन नव्हे.

पहिल्याच वर्षी मित्रांबरोबर धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला निघालो आणि अर्ध्या घाटात उतरून चालू लागलो, ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, कारण तो फोटो आपल्यातल्याच एकाने इथे टाकला होता. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंच आहे आणि माझ्या सायकलला पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे सर्वांत मोठी २८ ची, अशी जोडी होती. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाई आणि तेवढी ताकद माझ्या मांड्यांत नव्हती. नंतर मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि तिला पेलणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बसवला. आता एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे सव्वादोन मीटरही नाही, आणि मी न उतरता वर पोचतो. सायकलवर केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच. त्याच्या खालोखाल हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा. सायकल घेताना माझी फक्त उंची विचारली गेली आणि दुकानात जी फ्रेम शिल्लक होती ती माझ्याच मापाची ठरली, त्यामुळे वर्षभर करंगळ्या बधिर होत असत. ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा लावला आणि तो त्रास थांबला. नव्या चाकांचे कौतुक करणाऱ्या एकाही माणसाने मला कधी विचारले नाही की तुमचे हात दुखतात का.

चेनचेही तसेच. साध्या सायकलची चेन काय आणि लाखाच्या सायकलची काय, कडीचे अंतर अर्ध्या इंचाचेच. फक्त रुंदी वेगळी. त्यामुळे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. शाळेतल्या पोलादी पट्टीने मोजल्यावर माझ्या चेनच्या कड्या बारा इंचांच्या पुढे इंचाच्या आठव्या भागाइतक्या सरकलेल्या निघाल्या. म्हणजे ती फारच झिजली आहे आणि तशीच ठेवली तर कॅसेटचे दाते आणखी खाईल. दुकानात मी हे सांगू लागलो तेव्हा मालक पुन्हा कार्बनकडे वळले होते.

लिहिता लिहिता एक गोष्ट जाणवते आहे की माझा राग त्या दुकानापुरता नाही. गावात विचारतात, "सर, पगार पुरत नाही का, गाडी घ्यायले?" शहरात विचारतात, कॅरिअर कशाला? म्हणजे इकडे सायकल ही गरिबीची खूण आणि तिकडे ती रविवारच्या पोशाखाचा भाग. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करणारे आपल्यात आहेत आणि ती चेष्टा नाही, हे मी मान्य करतो. पण आमच्या शाळेत राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर ज्या मुली चार-पाच किलोमीटरवरून, पावसात, दप्तर कॅरिअरला बांधून येतात, त्यांना सायकलपटू म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. त्यांच्यातली एक मागच्या आठवड्यात माझ्या सायकलच्या गिअरकडे बराच वेळ पाहत उभी होती. मी तिला चालवून पाहायला सांगितले. तिने सीटची उंची बघितली, हसली आणि नको म्हणाली. मी सीट खाली करून द्यायला हवी होती. पान्याच्या एका फिरकीचे काम होते.

चाचा आता थकले आहेत. टपरीवर त्यांचा नातू बसतो. मी आणून दिलेले पितळी अ‍ॅडॉप्टर, जे बारीक नळीवर फिरवून बसवले की कोणत्याही कॉम्प्रेसरने हवा भरता येते, ते तिथे खिळ्याला सुतळीने टांगलेले असते. वर्षातून दोन-तीनदा ते कामी येते आणि बहुतेक वेळा माझ्याच.

आणखी एक राहिले. मी दुकानातून निघालो तेव्हा तो पहिला मुलगा, जो फोटो पाहून हसला होता, तो पायऱ्यांपर्यंत मागे आला होता. "सर, तुम्ही खरंच रोज चौतीस किलोमीटर जाता? पथ्रोटकडचा रस्ता आता कसा आहे?" असे त्याने विचारले. मी रागात होतो. "खराब आहे," एवढेच बोलून मी बसस्टँडकडे वळलो. बसमध्ये पूर्णेच्या पुलापर्यंत मी मालकांनाच मनात उत्तरे देत होतो. आता हे लिहिताना लक्षात येते आहे की त्या सगळ्या व्यवहारात दुकानातल्या ज्याने रस्त्याची चौकशी केली तो एकटा तो मुलगाच होता.

पावतीवर दुकानाचा नंबर आहे. उद्या मधल्या सुट्टीत फोन करून त्या मुलाला मागून घेईन आणि रस्ता सांगेन : परतवाड्यापासून कुठपर्यंत बरा आहे, खड्डे कुठे सुरू होतात, शेताच्या कुंपणाच्या काट्या नेणाऱ्या बैलबंड्यांमुळे कोणत्या महिन्यांत सर्वाधिक पंक्चर होतात. टायर मात्र बत्तीसचेच मागवायला सांगणार आहे.